बंगला क्रमांक सातचा हिरवा ठिपका

चिनहट, लखनौ
मंगळवार, ७ जानेवारी २०२५
संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटे. स्टोव्हवर डाळ ठेवली आहे, ती शिजेपर्यंत हे लिहीत आहे.

ती. स्व. उल्काकाकू यांना,
सिद्धेशचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटेल. फोन करता आला असता, पण पत्र कसं लिहायचं हे तुम्हीच मला तुमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवलंत, आणि या कामाला कागदच हवा आहे.

तुम्ही आणि साहेब लखनौ सोडून नाशिकला गेलात त्याला दीड वर्ष झालं. मधल्या काळात मी इथे पंख्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. ऑगस्टपासून हजरतगंजमधल्या एका संस्थेत लागलो आहे. अकरावीवर शाळा सुटलेल्या मुलाला ऑफिसात खुर्ची मिळाली, ती तुम्ही घोटून घेतलेल्या शुद्धलेखनामुळे. माझं काम नावं तपासण्याचं. संस्था स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीचा लखनौचा नकाशा करते आहे. तीस वर्षांवरची प्रत्येक बाई म्हणजे एक ठिपका. गेल्या पाच वर्षांत तपासणी झाली असेल तर हिरवा, नसेल तर लाल. लाल ठिपके जिथे दाट, तिथे मार्चपासून तपासणीची गाडी जाऊन उभी राहणार. एकाच बाईचं नाव तीन याद्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. ते मी जुळवतो, आणि वारलेल्या बायकांचे ठिपके काढून टाकतो.

आपली कदंब कॉलनी नकाशावर पूर्ण हिरवी आहे. १७ ऑक्टोबर २०२१ ला महिला मंडळाच्या वतीने तुम्ही क्लबच्या हॉलमध्ये शिबिर घेतलं, त्यात एकसष्टपैकी एकसष्ट बायकांची तपासणी झाल्याची नोंद आहे. अख्ख्या लखनौत असं दुसरं ठिकाण नाही. नकाशाचं काम बघणारे आमचे चारुदत्त सर, ते मूळचे साताऱ्याचे, म्हणतात की हे जमलं कसं ते विचारून घे. ८ मार्चला महिला दिनाचा कार्यक्रम आहे. त्यात कॉलनीचा आदर्श म्हणून उल्लेख करायचा आहे.

तेव्हा सवडीने, तुमच्या हस्ताक्षरात एवढं कळवावं: फॉर्म कोणी भरले, शिबिर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चाललं, आणि बंगल्यांमागच्या आउटहाउसमध्ये राहणाऱ्या कामवाल्या बायकांना त्या वेळात मोकळीक कशी करून दिलीत.

येत्या ११ फेब्रुवारीला आईला जाऊन दोन वर्षं होतील. अकरा वर्षं तिच्या हातचं जेवलात, तेव्हा तिची आठवण तुम्हालाही येत असेल.

साहेबांना आणि उत्कर्षाताईला नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
सिद्धेश ठोसर


नाशिक
१८ जानेवारी २०२५

चि. सिद्धेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी नाश्त्याच्या वेळी साहेबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एक वेलांटी चुकलेली नाही. आमच्या ऑफिसातले पीएचडीवाले असं लिहीत नव्हते." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आता तेवढं बारावीचं मनावर घे. बाहेरून बसता येतं. फी मी भरते.

शिबिराचं विचारलंस. अरे, काय दिवस होता तो. साहेबांच्या ऑफिसच्या डायरेक्टरांच्या मिसेसचा आदल्या दिवशी फोन आला, "उल्काजी, दुसऱ्या कॉलनीचं नव्वद टक्के झालंय, आपलं नाक कापलं जाता कामा नये." म्हटलं, नव्वद कशाला, शंभर करून दाखवते. फॉर्म सगळे मीच भरले. हिंदी-मराठी दोन्ही लिहिता येणारी तिथे दुसरी कोण होती? डॉक्टरीणबाई नऊला आल्या आणि एकला त्यांना पुढच्या कॅम्पला जायचं होतं. आम्ही बंगल्यातल्या तेवीस जणी. हसणं, फोटो, हे ते, आमचंच होईपर्यंत साडेबारा वाजले.

आउटहाउसच्या बायकांना रांगेत ताटकळत ठेवणं मला बरं वाटलं नाही. एकतर लाजतात बिचाऱ्या, आणि नऊ ते एक त्यांच्या चुलीचा वेळ. त्यांचे फॉर्म मी आधीच भरून ठेवले होते, म्हणून सगळं सुटसुटीत झालं. रोज डोळ्यांसमोर वावरणाऱ्या बायका, कोणाला काही असतं तर आपल्याला कळल्याशिवाय राहिलं असतं का?

आणि तुझी आई. साठ माणसांचा नाश्ता तिने एकटीने सांभाळला. पुऱ्या, आलूची सब्जी, डॉक्टरीणबाईंसाठी वेगळा शिरा. सकाळी सहापासून दुपारी दीडपर्यंत ओट्यापुढून हलली नाही. डॉक्टरीणबाईंनी शिरा दोनदा मागून घेतला. मनीषासारखी बाई पुन्हा मिळाली नाही मला. इथली भाजीत साखर घालते.

८ मार्चला बोलावलं तर मी नक्की येईन. गोमतीनगरला मैत्रीण आहे, उतरायचा प्रश्न नाही.

तुझी,
उल्काकाकू


हजरतगंज, लखनौ
सोमवार, २७ जानेवारी २०२५
दुपारी १ वाजून ४० मिनिटे. जेवणाची सुट्टी आहे. तुमच्या पत्राच्या तीन झेरॉक्स काढून आणल्या आणि त्या समोर ठेवून लिहीत आहे.

उल्का मॅडम यांना,

काकू लिहिणं यापुढे जमणार नाही.

चारुदत्त सरांनी मला काहीही विचारायला सांगितलं नव्हतं. ते मी खोटं लिहिलं. प्रश्न माझे होते.

१२ डिसेंबरला मी तुमच्या शिबिराचे फॉर्म तपासत होतो. फॉर्म क्रमांक ३१. मनीषा आत्माराम ठोसर, वय ४४, बंगला क्रमांक ७. तपासणी झाली. दोष आढळला नाही. खाली तुमची सही. इथे दुसरं कोणीही तिचं नाव बरोबर लिहीत नाही, त्यामुळे अक्षर ओळखायची गरजही पडली नाही. त्या दिवशी ती घरात होती की हॉलमध्ये, हे मला नक्की आठवत नव्हतं. मी तेव्हा शाळेच्या सहलीला काकोरीला गेलो होतो. आता तुम्हीच लिहून दिलंत: सहापासून दीडपर्यंत ओट्यापुढे.

नकाशावर तिचा ठिपका तुमच्या दिवाणखान्यावर पडतो, कारण पत्ता बंगल्याचा आहे. आउटहाउसला नंबर नाही. अकरा वर्षांत ती त्या दिवाणखान्यात झाडायला गेली, बसायला नाही. नकाशाने बसवली.

काल २६ जानेवारीची सुट्टी होती म्हणून कॉलनीत जाऊन आलो. क्लबच्या हॉलच्या पायरीपासून आमच्या जुन्या खोलीच्या दारापर्यंत एकशे चाळीस पावलं. खाली मान घालून मोजत होतो तर गेटवरचा चौकीदार म्हणाला, "क्या गिर गया, भैया?" मी म्हटलं, काही नाही. मोहनलालगंजच्या पुढे राहणाऱ्या बाईला आमची गाडी मिळेल, कारण ती नकाशावर लांब दिसते. तुमच्या मागच्या दाराशी राहणारी दिसतच नाही. ती तुमच्या ठिपक्याखाली आहे, आणि तुमचा ठिपका हिरवा आहे.

एकसष्टातून तेवीस वजा केले की अडतीस उरतात. अडतीस बायकांना तुम्ही तपासलेलं दाखवलंत. ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या घरांना कोणी विचारणार नाही. जे घर पूर्ण, ते बंद. नंतर तिथे राहायला आलेल्या बाईलाही कोणी विचारणार नाही. आमचा नियम असा की बंद नोंद फक्त ती भरणाऱ्याच्या हाताने लिहिलेल्या आणि सही केलेल्या पत्रानेच उघडता येते. गाडीचे थांबे २८ फेब्रुवारीला ठरतात.

तेव्हा अडतीस ओळी लिहून पाठवा. प्रत्येक ओळीत एका बाईचं नाव, आणि पुढे "हिची तपासणी झाली नव्हती, झाली असं मी लिहिलं." सगळ्या एका वाक्यात गुंडाळायच्या नाहीत. माझा एक शब्द चुकला की तुम्ही वीसदा लिहून घ्यायचात, तेव्हा अडतीस जास्त नाहीत.

आईच्या बाबतीत तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. ते मी इथे लिहीत नाही. ते तुम्ही लिहायचं आहे.

सिद्धेश ठोसर


नाशिक
५ फेब्रुवारी २०२५

सिद्धेश,

तुझं पत्र मी साहेबांना दाखवलेलं नाही. त्यांचं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे.

माणसं विसरतात हे ऐकून होते. तू इतक्या लवकर विसरशील असं वाटलं नव्हतं. अमळनेरहून तुझी आई आली तेव्हा तिच्या कडेला सात वर्षांचा मुलगा आणि एक पत्र्याची पेटी होती. नवरा गेलेल्या बाईला लखनौत कोणी उभं केलं असतं? तुझे स्वेटर, तुझी फी, तुझी वह्या-पुस्तकं. ती आजारी पडली तेव्हा रुग्णवाहिका कोणी बोलावली? खोली रिकामी करायला लागली याचा राग तुझ्या मनात आहे, मला कळतं. पण आउटहाउस काम करणाऱ्यालाच मिळतं, हा कॉलनीचा नियम आहे. तो मी केलेला नाही. पंधरा दिवसांची मुदत मी महिनाभर करून घेतली होती, हे तुला कोणी सांगितलं नसेल.

फॉर्मचं म्हणशील तर सगळीकडे असंच चालतं. पोलिओवाले काय करतात, जनगणनावाले काय करतात? सोबत टाइप केलेला कागद जोडला आहे: "सन २०२१ च्या शिबिराच्या नोंदींमध्ये काही कारकुनी त्रुटी राहिल्या असण्याची शक्यता आहे." तुझ्या ऑफिसला एवढं पुष्कळ झालं. चारुदत्तांशी मी फोनवर बोलले. सभ्य गृहस्थ वाटले. त्यांच्या मावशी आमच्या नात्यातल्या निघाल्या. तुझी नोकरी नवी आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. मनीषाने तुला काय सांगितलं होतं? दुखण्यात माणूस काहीही बोलतो. त्याचा अर्थ लावत बसू नये.

उल्का पाटणकर


चिनहट, लखनौ
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५
सकाळी ७ वाजून ५ मिनिटे. बूट पुसून ठेवले आहेत. हे पत्र टाकून कॉलनीत जायचं आहे.

उल्का मॅडम यांना,

१० तारखेला चारुदत्त सरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "पाटणकर मॅडमचा फोन होता. तू त्यांना काय काय लिहिलंयस? बस आणि सगळं दाखव." मी सगळं दाखवलं. माझी पत्रं मी दोन प्रतींत लिहितो. सरांनी तुमचं १८ जानेवारीचं पत्र वाचलं, मग त्याचं दुसरं पान परत वाचलं. म्हणाले, "वेगळा शिरा. वाह." 

तुमचा टाइप केलेला कागद त्यांनी मला परत दिला. "हा चालणार नाही, शक्यता आहे म्हणजे काय? झालं की नाही झालं?" मी विचारलं, माझी नोकरी जाणार का. ते म्हणाले, "यार, तुझी नोकरी मावशीच्या फोनवर लागली नव्हती, मावशीच्या फोनवर जाणार नाही. पण २८ पर्यंत त्यांच्या हातचं पत्र आलं नाही तर मीही काही करू शकत नाही. कॉलनी हिरवी राहील आणि गाडी दुसरीकडे जाईल."

२ आणि ९ तारखेला, दोन्ही रविवारी, मी आउटहाउसमध्ये दारोदार फिरलो. अडतीसपैकी एकतीस बायका अजून तिथेच आहेत, चेहऱ्यांवरून ओळखल्या. तपासणी झाली का विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "हाँ भैया, हो गई." कुठे झाली, कोणी केली, काही सांगता येत नाही. चार नंबरच्या मागची म्हातारी शेवटी म्हणाली, "बेटा, मेमसाहब लोग बोलीं हो गई, तो हो गई."

सात नंबरच्या मागे, आमच्या खोलीत, तुम्हीच आईच्या जागी ठेवलेली फूलमती अजून राहते. वय छत्तीस, सीतापूरकडची. आम्ही गेल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये आली, म्हणून तुमच्या अडतीसांत ती नाही. नकाशावरही नाही. दारामागचा आईने ठोकलेला खिळा तसाच आहे, त्यावर तिची शाल होती. तीही म्हणाली, "लिख दो भैया, हो गई." मी वळलो तेव्हा मागोमाग नळापर्यंत आली. बादली लावली, पाण्याचा आवाज व्हायला लागला, मग बोलली. डाव्या बाजूला गाठ आहे, दिवाळीपासून. कोणाला सांगितलेलं नाही. "मेमसाहब को पता चला तो कमरा जाएगा. पहले वाली का भी गया था ना?"

पहले वाली म्हणजे माझी आई. हे मी तिला सांगितलं नाही.

आता तुमच्याबद्दल. ८ मार्चच्या कार्यक्रमात पडद्यावर काय दाखवायचं ते मी लावतो. तुमचं १८ जानेवारीचं पत्र मी स्कॅन करून ठेवलं आहे. पडद्यावर लावून पाहिलं, अक्षर शेवटच्या रांगेतून वाचता येतं. कॉलनीतल्या सगळ्या मॅडम यायच्या आहेत. डायरेक्टरांच्या मिसेस पहिल्या रांगेत. अडतीस ओळी वेळेत आल्या तर ते पान मी लावणार नाही. तुमच्या हातात बारा दिवस आहेत, माझ्या हातात पडदा आहे.

आईने मला काय सांगितलं होतं असं विचारता. आईने मला सगळं सांगितलं.

सिद्धेश ठोसर


नाशिक
२२ फेब्रुवारी २०२५

सिद्धेश,

अडतीस ओळी सोबत आहेत. दोन दिवस लागले.

पहिली अकरा नावं मला आठवली. पुढे लेखणी अडली. मी जुन्या मैत्रिणींना फोन केले, "तुझ्या आउटहाउसमध्ये होती तिचं नाव काय गं?" त्या म्हणायच्या, "कौन, वो लंबी वाली?" आणखी तीन मिळाली. शेवटी लक्षात आलं की फॉर्ममध्ये तरी मी खरी नावं कुठे लिहिली होती? मनीषाचं आणि ओळखीच्या काहीजणींचं सोडलं तर बसल्या बसल्या सुचतील ती लिहिली होती. उरलेल्या चोवीस ओळींत बंगल्याचा क्रमांक आहे आणि "हिचं नाव मला कधीच माहीत नव्हतं" असं लिहिलं आहे. तुला हवं होतं त्यापेक्षा ते वाईट दिसतं. सही केली आहे.

हे दुसरं पान फक्त तुझ्यासाठी आहे. मनीषाने तुला सगळं सांगितलं, म्हणजे होळीचंही सांगितलंच असणार. २७ जानेवारीचं तुझं पत्र वाचलं त्या क्षणीच मी ओळखलं की फॉर्म हे निमित्त आहे, तुला हे लिहून हवं आहे.

२०२२ ची होळी, १८ मार्च. रंग खेळून झाल्यावर ती मागच्या न्हाणीत आली आणि कडी लावली. पोलक्याची बटणं काढून म्हणाली, "ताई, जरा हात लावून बघा बरं." मी हात लावला. सुपारीएवढी होती, हलत नव्हती. मी म्हटलं, "काही नाही गं, दुधाची गाठ असेल, एरंडेल लाव. उत्कर्षाचं लग्न होऊ दे, मग दाखवू." २२ मेचं लग्न, घरात चाळीस पाहुणे यायचे होते. तिच्याशिवाय माझं पान हललं नसतं. आणि तुला खरं हवंय तर हेही लिहिते: पाचच महिन्यांपूर्वी जिला मी निर्दोष लिहिलं, तिलाच गाठ निघाली तर शंभर टक्क्यांचं काय, हाही विचार तेव्हाच माझ्या मनात आला. जूनमध्ये तिने परत विषय काढला. मी म्हटलं, पाहुणे परतू देत. १४ जुलैला ती ओट्यापाशी कोसळली, तेव्हा तिला नेलं.

उत्कर्षाला यातलं काही माहीत नाही. मनीषाने तिला वाढवलं, ती तिला मनूमावशी म्हणायची. आपल्या लग्नासाठी तिला थांबवलं हे कळलं तर पोटची पोर माझं तोंड बघणार नाही. तुझ्या पाया पडते म्हण हवं तर, पण हे पान कोणाला दाखवू नकोस.

फोनवरून पाच हजार पाठवले आहेत. फूलमतीला दाखव.

उल्का


चिनहट, लखनौ
रविवार, २३ मार्च २०२५
सकाळी ११ वाजून १५ मिनिटे. फूलमतीच्या कागदांची फाईल लावून झाली आणि हे लिहायला बसलो.

उल्काबाई,

तुमचं पत्र २५ फेब्रुवारीला ऑफिसात आलं. पहिलं पान सरांनी फायलीत लावलं. २७ ला दुपारी मला शेजारी बसवून म्हणाले, "चला, करा लाल." एकदम सगळे करता येतात, पण मी एकेक केला. फॉर्म क्रमांक ३१ शेवटी ठेवला होता. तोही लाल केला. मिनिटभर तसाच ठेवला. मग काढून टाकला, कारण वारलेल्यांचे ठिपके काढणं हे माझं काम आहे.

८ मार्चला तुमचं पान पडद्यावर लावलं नाही. तसं ठरलं होतं. नकाशा मात्र लावला, आधीचा आणि नंतरचा. शिबिरातल्या एकसष्टपैकी तेवीस, म्हणजे सदतीस पूर्णांक सात टक्के. डायरेक्टरांच्या मिसेसनी शेजारणीला विचारलेलं मला ऐकू आलं, "ये किसने किया?" शेजारीण म्हणाली, "उल्का ने, और कौन." तुमच्या नावाची खुर्ची मी स्वतः मांडली होती. तुम्ही आला नाहीत. खुर्ची कार्यक्रम संपेपर्यंत काढू दिली नाही.

गाडी गुरुवारी, २० मार्चला आली. कॉलनीच्या आत नाही, भिंतीबाहेर भाजीवाल्याच्या शेजारी, दुपारी दोन ते पाच. भांडी झाल्यावर आणि संध्याकाळचा स्वयंपाक सुरू होण्याआधी त्यांना तेवढाच वेळ असतो. बायका पिशव्या घेऊन आल्या, म्हणजे बंगल्यात विचारलं तर भाजी आणायला गेलो होतो म्हणता येईल. चौतीस जणी झाल्या. नकाशात आता एक नवा रकाना आहे, "ही बाई किती वाजता मोकळी असते." तो मी सुचवला. सरांनी ठेवला.

तिघींना पुढच्या तपासणीला बोलावलं आहे. त्यांत फूलमती आहे. शुक्रवारी आणि काल मी तिला घेऊन गेलो. गाठीचा तुकडा काढला आहे. निकाल बुधवारी. बंगल्यात नणंदेला बदली ठेवून आली होती. वाटेत ऑटोत मला म्हणाली, "भैया, आपकी माँ अच्छी होंगी, आपको इतना सिखाया." मी म्हटलं, हो.

आता तुमचं दुसरं पान.

आईने मला सगळं सांगितलं, हे मी खोटं लिहिलं होतं. आईने मला काहीही सांगितलं नव्हतं. मी फॉर्मबद्दल बोलत होतो. "मनीषाने काय सांगितलं" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा काहीतरी आहे एवढं कळलं, म्हणून ते वाक्य टाकलं. होळीचं मला तुमच्याच पत्रातून कळलं. ते मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून वाचलं आणि मग तिसऱ्या मजल्यापर्यंत न जाता तिथेच बसलो.

आई सात महिने अंथरुणाला होती. तिने तुमच्याबद्दल एक शब्द वाईट काढला नाही. शेजारणींना उत्कर्षाताईच्या लग्नातल्या पुरणपोळ्यांचा आकडा सांगायची, चारशे दहा. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "ताईंना कळव, मला बरं वाटतंय." मी कळवलं होतं. तुम्ही फोनवर नुसता अंगठा पाठवला होता.

१८ मार्च ते १४ जुलै म्हणजे ११८ दिवस. डॉक्टरांनी मला तेव्हा विचारलं होतं, "इतने दिन क्या कर रहे थे तुम लोग?" अडीच वर्षं मी ते माझ्यावर घेत होतो. मी अकरावीत होतो, तिच्याच खोलीत झोपत होतो, आणि मला दिसलं नाही, असं.

तुमच्या दुसऱ्या पानाची प्रत पाकिटात घातली आहे. वर उत्कर्षाताईचा पुण्याचा पत्ता लिहून तिकिटं लावली आहेत. पाकीट टाकलेलं नाही. आजपासून ११८ दिवसांनी १९ जुलै येतो, शनिवार आहे, पोस्ट उघडं असतं. टाकायचं की नाही ते मी त्या दिवशी ठरवीन. आज मला विचारलंत तर मलाही माहीत नाही. तोवर तुम्ही थांबा. फोन करू नका, पैसे पाठवू नका. रोज उठून आज काही होईल का, असं वाटेल. आईला वाटत असणार. त्याआधी तुम्ही स्वतः ताईला सांगितलंत तर पाकीट माझ्या काही कामाचं राहणार नाही. फारच जड वाटलं तर एरंडेल लावून पाहा.

तुम्ही पाठवलेल्या पैशांचा हिशोब:

मिळाले ५,०००.
ऑटो, दोन दिवस, जाणं-येणं ७२०.
सोनोग्राफी ९००.
तुकड्याची तपासणी १,८५०.
फूलमतीच्या बदली काम केलेल्या नणंदेला ३००.
एकूण खर्च ३,७७०.
बुधवारी निकाल घेताना भरायचे ६५०, ते बाजूला ठेवले आहेत.
उरलेले ५८० आज फोनवरून परत केले.
झेरॉक्सचे ३६ तुमच्यात धरलेले नाहीत, ते माझे.

माझ्याकडून तुम्हाला देणं काही नाही.
तुमच्याकडून मला येणं, ११८ दिवस. मोजणी उद्यापासून.

सिद्धेश मनीषा ठोसर